लाल दोऱ्याचं भांडं

शकुताई, तुम्ही गेल्यावर लोक तुमच्याविषयी फार चांगलं बोलले. एक वाक्य सोडलं तर सगळं खरंच बोलले.

दहाव्याहून बाया घरी आल्या, चटईवर बसल्या आणि हळूहळू तुमच्या उटण्याचा विषय निघाला. मंचरच्या एक मावशी डोळे पुसत सांगत होत्या, की ओतूरच्या शकूचं उटणं लागल्याबिगर आमच्या भावकीत नवरीला कुणी हळद लावत नव्हतं. मग पदर सावरून त्यांनी पुढचं वाक्य म्हटलं, "लई गुणाची बाई. येकदाच हात चुकला बिचारीचा." सगळ्यांनी माना हलवल्या. मी पाण्याचे पेले फिरवत होते. मीसुद्धा मान हलवली.

तुमचा जन्म कधीचा, आजार कोणता, दवाखान्यात किती दिवस होतात, हे मी लिहीत नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दादा ते सगळं पहिल्यापासून सांगतात. दिवसाला चाळीस शब्दांच्या वर न बोलणारा तुमचा नवरा आता थांबत नाही. मला लिहायचंय ते एवढंच, की तो चुकलेला हात तुमचा नव्हता, माझा होता. हे आपल्या दोघींना ठाऊक होतं. तुम्ही गेल्यावर ते मला एकटीला ठाऊक राहिलं.

मी धाकटी सून म्हणून आले तेव्हा तुमची कोमल तेरा वर्षांची होती. मी बेल्ह्याची. सासूबाईंना माझ्यात खोट दिसली की त्या म्हणायच्या, बेल्ह्याच्या बाजारात लोक दात मोजून बैल घेतात, आमी मात्र न बघताच आणली. सगळे हसायचे. मीही हसायचे आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून रडायचे. पहिल्या वर्षात माझ्या हातून लोणच्याला बुरशी आली, दोनदा दूध उतू गेलं, पापडाचं पीठ खारट झालं. आता आणखी एक चूक झाली की हिला बेल्ह्याच्या यष्टीत बसवून द्या, असं त्या माझ्या नवऱ्याला माझ्यादेखत सांगायच्या. त्यांचा मुलगा जेवत राहायचा.

तुम्ही मला हाताशी धरलंत ते उटण्याच्या कामाला. तुमच्या माहेराहून, डोंगराकडच्या खाचरांतून, तांदळाची कणी यायची. ती धुऊन सावलीत वाळवायची. मसूर डाळ तशीच. संत्र्याच्या साली गच्चीवर कडकडीत होईपर्यंत, थोडी आंबेहळद, आणि जुन्नरच्या बांगडीवाल्या अमीनाभाभी पुडीत बांधून द्यायच्या त्या सुकलेल्या गुलाबपाकळ्या. सगळं स्वयंपाकघरातलंच. मी म्हटलं होतं, बेसन का नाही घालत, सगळे घालतात. तुम्ही म्हणालात बेसन भज्याला. बेसन अंगाला चिकटून बसतं, कणी मळ घेऊन जाते. मी म्हटलं दही, तुम्ही म्हणालात साय. या वादात आपण किती दुपारी घालवल्या. माझं अजूनही म्हणणं आहे की उन्हाळ्यात दहीच बरं. आता तुम्ही नाही म्हणायला नाहीत, तरी मी काल सायच काढून ठेवली.

तुमचे नियम दोन. पहिला, अंगाचं भांडं वेगळं. मिक्सरची लहान भांडी दोन होती, अगदी सारखी. तिखट-मसाल्याचं एक आणि उटण्याचं एक. उटण्याच्या भांड्याच्या कानाला तुम्ही लाल दोरा बांधायचात. दुसरा नियम, जी वाटते तिनं आधी स्वतःला लावायचं. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथं कातडी मऊ असते तिथं चिमूटभर घासायचं आणि भिंतीवरच्या घड्याळाचा मोठा काटा तीन आकडे सरकेपर्यंत गप बसायचं. मग हात नाकाशी नेऊन वास घ्यायचा. मला तेव्हा हे फार वाटायचं. तांदूळ-डाळीला काय भ्यायचं.

आपल्या घरात बायांनी एकटीनं बाहेर पडायचं नाही. भाजी दादा आणायचे, साड्यासुद्धा पुरुषच निवडायचे आणि त्या तशाच दिसायच्या. पण हळदीच्या बोलावण्याला नाही म्हणत नाहीत, एवढं सासूबाई मानायच्या. त्या एका फटीतून तुम्ही बाहेर पडायचात. पितळी डबा पिशवीत, डोक्यावर पदर, आणि यष्टीत खिडकीची जागा. मंचर, जुन्नर, बेल्हे, एकदा तर पार घोडेगावच्या वरच्या अंगाला. संध्याकाळी परत आलात की भाकरी थापता थापता सगळं सांगायचात. कुणाची नवरी गुदगुल्या झाल्या म्हणून पळाली, मंचरला हायवेवर कांद्याच्या ट्रका कशा अडकल्या होत्या, अमीनाभाभींच्या लेकीच्या हळदीत बायांनी कोणती गाणी म्हटली. सांगताना तुमचा आवाज जरा मोठा व्हायचा. घरात एरवी तो कधी तसा नसायचा.

तो दिवस वर्षाच्या तिखटाचा होता. अंगणात मिरच्यांचा ढीग, घरभर खकाणा, सगळे शिंकतायत. आणि नेमकं दुसऱ्या दिवशी मंचरला हळद. तुम्ही मला म्हणालात, उज्वले, आजचं उटणं तू कर, मी तिखट बघते. मला केवढा आनंद झाला. मी दोन्ही भांडी घासली, लाल दोरा भिजला म्हणून सोडून खिडकीत वाळत टाकला, आणि वाळल्यावर परत बांधला. चुकीच्या भांड्याला.

त्या दिवशी सगळ्या घरालाच तिखटाचा वास होता. भांड्याला वेगळा कसा कळणार. मी दळलं, चाळलं, डबा भरला. तेवढ्यात सासूबाईंनी चहासाठी हाक मारली. तुम्ही अंगणातूनच विचारलंत, लावून बघितलंस का? मी म्हणाले, व्हय.

ताई, दोरा चुकणं ही चूक होती. त्याबद्दल मी स्वतःला केव्हाच माफ केलंय. पण ते व्हय ही चूक नव्हती.

मंचरला काय झालं ते तुम्ही मला कधी पूर्ण सांगितलं नाहीत. दुसऱ्यांकडून तुकड्यातुकड्यानं कळलं. पोरीची मान आणि पाठ लाल झाली, ती ओरडायला लागली, बायांनी तिच्यावर ताक ओतलं. दुसऱ्या दिवशी ती पाठ झाकणारा ब्लाऊज घालून, सुजलेल्या मानेनं बोहल्यावर चढली. तुम्ही परत आलात तेव्हा तुमच्याबरोबर त्यांच्या घरचे दोन पुरुष होते आणि अर्धी आळी दारात. तुम्ही सरळ आत आलात, लाल दोऱ्याचं भांडं उचललंत, नाकाशी नेलंत आणि माझ्याकडे बघितलंत. मी परक्या घरी आलेल्या पाहुणीसारखी ओट्याला टेकून उभी होते. मला वाटलं, आता यष्टी.

तुम्ही बाहेर जाऊन म्हणालात, "माझाच हात चुकला. धाकटीचा काय संबंध न्हाई."

सासूबाई म्हणाल्या, बास झालं फिरणं. दादांनी तुमची पिशवी खुंटीला अडकवली. तुमचं सगळं फिरणं त्या एका वाक्यात संपलं. तुम्ही भांड्याचा दोरा सोडलात, उटण्याचं खरं भांडं माळ्यावर टाकलंत आणि रात्रीच्या भाकरीचं पीठ मळायला घेतलंत. मी परातीत पाणी घालत होते. त्या दिवशी आपण दोघींनी मिळून दहा माणसांचा स्वयंपाक केला.

पुढं नऊ वर्षं. बोलावणी थांबली. कणी तुमचा भाऊच आणून टाकायचा आणि चहा पिऊन जायचा. तुम्ही चुलीपासून ओट्यापर्यंत आणि ओट्यापासून चुलीपर्यंत. गंमत बघा, माझं मात्र उलट झालं. पोरगी झाली, सासूबाईंचे कान गेले, बचत गटाला सही करणारी कुणीतरी हवी होती, आणि माझा हात कधी चुकलेला नसल्यामुळे मला पाठवायचं ठरलं. मी जुन्नरला बँकेत जायला लागले. परत आले की तुम्ही विचारायचात, "स्टँडवर काय हाय नवं?" मी सांगायचे. रसाची गाडी आली, कॉलेजच्या पोरींची गर्दी होती, मोसंबी स्वस्त झाली. तुम्ही हात थांबवून ऐकायचात. तुमचीच खिडकीची जागा मी तुम्हाला दर फेरीला संध्याकाळी वाढत होते.

आणि तुम्ही तर माझ्यावर चिडलासुद्धा नाहीत. माझ्या बाळंतपणात सुजलेले पाय मांडीवर घेऊन साय-कणी चोळलीत, महिनाभर. मिक्सरला त्यानंतर तुम्ही उटण्यासाठी हात लावला नाहीत, पाट्यावर वाटायचात. कोमलनं मोबाईलवर बघून कॉफी, साखर आणि खोबरेल तेल कालवलं होतं, त्याला ती स्क्रब म्हणायची. तुम्ही म्हणालात, हितं च्याला साखर पुरंना आन् ही अंगाला फासती. दुसऱ्या दिवशी मोरीतून बाहेर आलात तर तुमच्या अंगाला कॉफीचा वास. मी फक्त कपबशी पुढं केली. तुम्ही इतक्या हसलात की सासूबाईंनाही ऐकू गेलं.

त्याच कोमलनं तुम्हाला सुनावलं होतं ते आठवतं? कॉलेजात मंचरच्या कुणी पोरीनं तिला सगळ्यांदेखत म्हटलं, मिरचीचं उटणं लावणारी ती तुझीच आई का. तिनं घरी येऊन दप्तर आपटलं. "तुझ्यामुळं मला तोंड दाखवायला जागा न्हाई," असं ती तुम्हाला म्हणाली. तुम्ही म्हणालात, "व्हय बाई. चुकला माझा हात." मी तिथंच, तीन हातांवर, कणीक मळत होते. पहिल्यांदा मी भ्याले होते, तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. या वेळी कशाला भ्याले, मला आजही सांगता येत नाही. मला यष्टीत बसवायची धमकी आता कुणीच देत नव्हतं.

त्या आठवड्यात मी तुम्हाला गच्चीवर गाठलं. कुरडया वाळत घातल्या होत्या. म्हटलं, मी सांगणार कोमलला. तुम्ही कुरडया पलटत राहिलात. म्हणालात, आता सांगून काय करायचं, त्या पोरीची पाठ कवाच बरी झाली. मी म्हटलं, तुमचं काय. तर तुमचं उत्तर तयार होतं. "येकीचं दार बंद झालंय, तेवढं बास. दोघींचं कशाला? तू जातीस तवा मला भायेरचं कळतं तरी." मी ऐकेना म्हटल्यावर तुम्ही माझा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवलात. "बोललीस तर माझी शपथ हाय तुला. माझं मेलेलं तोंड बघशील."

ताई, मला तुमचा फार राग येतो. मेलेल्या माणसाविषयी असं म्हणू नये, पण तुम्हाला तोंडावर म्हणायची हिंमत कधी झाली नाही. तुम्ही त्या दिवशी दारात माझ्या वतीनं बोललात ते उपकार. पण मला विचारलं नाहीत. नंतर शपथ घातलीत तीही न विचारता. तुम्ही चांगल्या ठरत गेलात आणि मी तुमच्या चांगुलपणात बसून राहिले. सासूबाईंनी तुम्हाला घरात कोंडलं हे तर खरंच. मला मात्र तुम्हीच कोंडलंत, आणि बाहेरून कडी लावून किल्ली डोक्याखाली घेऊन झोपलात.

हे लिहून झालं आणि मला वाईट वाटतंय. तरी खोडत नाही.

तुम्हाला जाऊन महिनाही झाला नाही. कोमलचं लग्न ठरलेलंच होतं. वर्षाच्या आत करा नाहीतर तीन वर्षं थांबा, असं भावकीनं सांगितलं, म्हणून येत्या रविवारी साधंसं करायचं ठरलं. परवा हळद. काल कोमल मला म्हणाली, "काकू, दुकानातनं तयार पाकीट आणा. आईचं उटणं नको. माझ्या लग्नात तो विषयच नको." मी म्हटलं, बरं. पिशवी घेऊन बाजारपेठेपर्यंत गेलेसुद्धा. दुकानदारानं तीन पाकिटं माझ्यापुढं टाकली, गुलाबाचं, चंदनाचं, आणि एक कसलं तरी. मी उभीच. मागं दोन गिऱ्हाइकं खोळंबली.

तिथं मला तुमची शपथ आठवली. बोलले तर तुमचं मेलेलं तोंड बघावं लागेल म्हणून मी इतकी वर्षं तोंड मिटून राहिले. एक शब्द काढला नाही. तरी बघावंच लागलं की. त्या तोंडात मीच तुळशीचं पान ठेवलं. शपथ पाळून मी काय राखलं, ताई? पाकिटं तशीच ठेवून मी घरी आले, स्टुलावर चढले आणि माळ्यावरून भांडं काढलं. त्यात कोळ्यानं जाळं केलं होतं. ते मी राखेनं तीनदा घासलं.

आज सकाळी स्वयंपाकघरात हळकुंडं फोडायला आळीतल्या चार बाया बसल्या होत्या. सासूबाई पाटावर, कोमल दारात फोन बघत. मी सगळ्यांसमोर कणी आणि डाळ दळली, परातीत काढली. कोमल म्हणाली, नको म्हटलं होतं ना. मी म्हटलं, त्या वेळचं उटणं मी वाटलं होतं, तुझ्या आईनं नाही. चुकीच्या भांड्याला मी दोरा बांधला. लावून बघितलं का विचारलं, तेव्हा मी खोटं बोलले. मी हे इतकं हळू बोलले की मलाच नीट ऐकू आलं नाही.

सासूबाई म्हणाल्या, "काय म्हणती? मोट्यानं बोल."

मग मोठ्यानं बोलावं लागलं. अगदी कानाशी जाऊन, एकेक शब्द तोडून, दोनदा. दुसऱ्यांदा बोलले तेव्हा शेजारच्या घरातला मिक्सर बंद झाला. नऊ वर्षं जे तोंडातून निघालं नाही ते शेवटी मला बाजारातल्या भाजीवालीसारखं ओरडून सांगावं लागलं. बाया हळकुंडं हातात धरून बसल्या. सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, आता सांगून काय करायचं. अगदी तुमचेच शब्द. नंतर त्यांनी खलबत्ता बाजूला सारला.

कोमलनं फोन खाली ठेवला.

"आईला ठाव व्हतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आन् मी तिला बोलले तवा तुमी कुठं व्हता?"

"तिथंच. कणीक मळत होते."

ती उठून बाहेर गेली. मला वाटलं गेली ती गेलीच. बाया एकमेकींकडे बघत होत्या, कुणाला उठवेना आणि बसवेना. बऱ्याच वेळानं ती परत आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. तिनं देव्हाऱ्यातल्या पुडीतून लाल दोरा काढला, भांड्याच्या कानाला बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली. मग परात माझ्याकडे सरकवली.

"आदी तुमच्या हाताला लावा," ती म्हणाली. "मी बघत बसते."

मी साय घालून चिमूटभर कालवलं आणि डाव्या कोपराच्या आत घासलं. ती माझ्यासमोर मांडी घालून बसली. घड्याळाचा मोठा काटा चारवर होता. पाच झाले, सहा झाले. तिनं नजर काढली नाही आणि मीही हात काढला नाही. काटा सातवर आला तशी तिनं माझं मनगट धरलं, हात ओढून नाकाशी नेला, आणि डोळे मिटून वास घेतला.